हात लावीन तिथं ठिणगी

काही माणसं हात लावतील तिथं सोनं होतं म्हणतात. माझ्या हाताची ख्याती तशी नाही. मी हात लावला की फ्यूज जातो, बरा असलेला नळ गळू लागतो आणि भिंतीत ठोकायचा खिळा भिंत सोडून सगळीकडे जातो, असं आमच्या घरातलं मत आहे. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे मत प्रत्येक वेळी एकमतानं संमत झालेलं आहे. (मतदार एकच असल्यामुळे एकमत व्हायला अडचण येत नाही.) पण एका जानेवारीत आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत मिनियापोलिसला गेलो आणि तिथं माझ्या हाताला अशी काही सिद्धी प्राप्त झाली, की सौभाग्यवतीसुद्धा चार पावलं लांब राहून बोलू लागली.

मिनियापोलिस हे गाव जानेवारीत माणसांसाठी नसतं. बाहेर उणे वीस आणि आत अधिक बावीस. म्हणजे दार उघडलं की माणूस फ्रीजमध्ये जातो आणि मिटलं की भट्टीत येतो. घरभर, अगदी जिन्यावरसुद्धा, गालिचा. पुण्यात शहाबादी फरशीवर आयुष्य गेलेला माणूस मी. पहिल्या सकाळी मोठ्या दिमाखात त्या मऊमऊ गालिच्यावरून चालत गेलो, बाथरूमच्या दाराच्या धातूच्या मुठीला हात घातला, आणि...

चट्!

बोटाच्या टोकाला कुणीतरी सुई टोचून पळून गेलं. मी "अगं आई गं!" म्हणून ओरडलो. ही आतून म्हणाली, "काय मोडलंत?"

त्या दिवशी मला फ्रीजनं झटका दिला, नळानं दिला, दिव्याच्या बटनाशेजारच्या स्क्रूनं दिला आणि संध्याकाळी जावईबापूंच्या मोटारीच्या दारानंही दिला. जावईबापू म्हणाले, "बाबा, स्टॅटिक आहे ते. विंटरमध्ये होतंच." हे त्यांनी "पावसाळ्यात सर्दी व्हायचीच" अशा सुरात सांगितलं. मी ऐकून घेतलं. झटके मला बसत होते तोवर माझी काही फारशी तक्रार नव्हती. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला असल्या झटक्यांचं काय?

पण दुसऱ्या दिवशी आमचा साडेतीन वर्षांचा नातू "आबाऽऽ" करीत धावत आला. ज्याच्यासाठी चोवीस तास विमानात गुडघे पोटाशी घेऊन बसलो, तो हा. मी हात पुढं केला, त्याच्या गालाला बोट लागलं, आणि चट्! तो दचकला, माझ्याकडे बघितलं आणि त्यानं भोकाड पसरलं. संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर. चौथ्या दिवशी मी खुर्चीतून नुसता उठलो, तर तो आजीच्या मागं लपला आणि तिच्या पदराआडून म्हणाला, "आबा, नको!"

एवढ्यावरही भागलं नाही. बालवाडीत त्यानं बाईंना सांगितलं, "माय ग्रँडपा बाइट्स." त्या दिवशी मी त्याला आणायला गेलो तेव्हा बाईंनी माझ्याकडे, विशेषतः माझ्या दातांकडे, ज्या नजरेनं पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही.

रात्री झोप येईना. एक तर हा नातू मार्चपर्यंत माझ्या मांडीवर बसणार की नाही हा घोर, आणि दुसरं म्हणजे वय. दिवसाला वीस-पंचवीस झटके बसताहेत, ते कुठे जाऊन साठत असतील? हृदयात? आणि माझं राहू दे. त्या एवढ्याशा जिवाला माझ्या हातून काही इजा तर होत नसेल ना? शेवटी पुण्याला आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. डॉक्टर हसले की आपला आजार किरकोळ असतो एवढंच कळतं; तो का आहे हे कळत नाही.

तसं मला या विषयाचं शालेय शिक्षण झालेलं आहे. घर्षण-विद्युत! एबोनाइटचा दांडा आणि मांजराचं कातडं, काचेचा दांडा आणि रेशमी कापड. आमचे सायन्सचे सर तो दांडा घासघासून घामाघूम व्हायचे, पण कागदाचे कपटे टेबलावरून हलायचे नाहीत. कारण आमच्या शाळेत हा धडा हटकून जुलै महिन्यात यायचा. बाहेर मुसळधार पाऊस, वर्गात चाळीस ओल्या छत्र्या. सर शेवटी दांडा खाली ठेवून म्हणायचे, "कपटे उडतात. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. पुढं टेरिलिनचे बुशशर्ट आले, आणि हिवाळ्याच्या रात्री अंधारात शर्ट काढताना अंगावर तडतड आवाज होऊन निळसर ठिणग्या दिसायच्या, तेव्हा मात्र सरांची आठवण यायची.

माझी ही रडकथा ऐकून लेक म्हणाली, "बाबा, इथं विजेचं म्युझियमच आहे. चला, दाखवते." पेसमेकरवाले अर्ल बाकेन यांनी १९७५ साली स्थापन केलेलं बाकेन म्युझियम ते. याच गावात १९५७ साली त्यांनी अंगावर बाळगता येईल असा, बॅटरीवर चालणारा पेसमेकर तयार केला. विजेनं हृदय बंद पडेल म्हणून मी रात्र रात्र जागत होतो, आणि त्याच गावात एका माणसानं विजेनं हृदय चालू ठेवलं होतं! तिथली जुनी यंत्रं पाहिली, घरी येऊन पुस्तकं वाचली आणि माझ्या लक्षात आलं, की चटका खाणाऱ्यांची परंपरा फार थोर आहे. मी तिच्यात अगदी शेवटी आलो, एवढंच.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून ग्रीक तत्त्वज्ञ थेलीझ याचं नाव घेतात. इसवी सनापूर्वी सहाशे वर्षांच्या आसपासचा हा गृहस्थ. अंबर म्हणजे झाडाची राळ घट्ट होऊन झालेला पिवळा खडा. तो घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. अंबराला ग्रीक शब्द 'इलेक्ट्रॉन', आणि त्यावरून ही सगळी इलेक्ट्रिसिटी. आपल्याकडेही लोकांनी हे पाहिलेलं होतं, म्हणून तर संस्कृतात त्याला 'तृणमणी' म्हणतात. फारसीत त्याचं नाव 'कहरुबा', म्हणजे गवताची काडी पळवणारा. एवढं झाल्यावर मात्र माणसानं पुढची दोन हजार वर्षं या बाबतीत काही केलं नाही. सरकारी फाइल यापेक्षा लवकर हलते.

१६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रजी वैद्यानं चुंबकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि अंबराचा गुण काचेत, गंधकात आणि अनेक रत्नांतही आहे हे दाखवून दिलं. दमट हवेत हा प्रयोग बिघडतो हेही त्यानं तेव्हाच नोंदवलं होतं. आमच्या सरांनी गिल्बर्ट वाचला असता तर हा धडा त्यांनी डिसेंबरात घेतला असता.

त्यानंतर आले माग्देबुर्ग शहराचे महापौर ओटो फॉन गेरिके. यांनी काचेच्या गोल भांड्यात वितळलेलं गंधक ओतलं, ते थिजल्यावर काच फोडली आणि तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढा गंधकाचा गोळा दांड्यावर बसवून फिरवला. वर कोरडा हात घासला की गोळा कण ओढून घ्यायचा, चुटपुट आवाज करायचा. १६७२ साली त्यांनी हे पुस्तकात छापलं. महापौरानं विजेचं यंत्र बनवावं आणि ते चालावं, हे वाचून मी चश्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं.

इंग्लंडात स्टीफन ग्रे नावाचा रंगारी होता. वीज एका वस्तूतून दुसरीत वाहत जाते हे त्यानं १७२९ साली शोधलं, आणि पुढच्या वर्षी माणसातून जाते का हे बघण्यासाठी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला दोऱ्यांनी छतापासून आडवा टांगला. घासलेली काचेची नळी त्याच्या पायांशी नेली की त्याच्या तोंडाकडे पितळी वर्खाचे तुकडे उडत यायचे. ही गोष्ट मी जेवताना सांगितली तर लेकीनं वरणाचा डाव हातात तसाच धरून मला सुनावलं, "बाबा, त्याला टांगायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते."

जर्मनीत विटेनबर्गचे प्राध्यापक बोझे यांनी तर कहर केला. राळेच्या वडीवर एका सुंदर तरुणीला उभं करायचं, यंत्रानं तिच्या अंगात वीज भरायची आणि सभ्य गृहस्थांना तिचं चुंबन घ्यायला पुढं बोलवायचं. ओठ जवळ आले की ठिणगी! हा 'विद्युत-चुंबन' नावाचा खेळ १७४० नंतरच्या दशकात युरोपच्या दिवाणखान्यांतून फार गाजला. हेही मी आमच्या हिला सांगितलं. ती म्हणाली, "हेच वाचताय का दिवसभर?"

इथवर सगळा खेळच होता. १७४५ साली पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट याला आणि त्यानंतर काही महिन्यांत हॉलंडातल्या लेडन गावी प्राध्यापक मुसेनब्रुक यांना, एकमेकांचा पत्ता नसताना, एकच शोध लागला: काचेच्या बरणीत पाणी, पाण्यात तार, तारेतून वीज आत सोडायची, ती आत साठून राहते. लोणचं मुरावं तशी. पण ही बरणी हातात धरून दुसरा हात तारेला लावला, तर साठलेली सगळी वीज एका दमात अंगातून जाते. मुसेनब्रुकना असा दणका बसला, की त्यांनी पॅरिसला पत्र लिहून कळवलं: हा प्रयोग तुम्ही कदापि करू नका, आणि मला फ्रान्सचं राज्य दिलं तरी मी तो पुन्हा करणार नाही. असं पत्र आल्यावर लोक काय करणार? सगळ्या युरोपनं तो प्रयोग करून पाहिला.

त्यात आघाडीवर होते पॅरिसचे आबे नोले, म्हणजे धर्मोपदेशक गृहस्थ. त्यांनी १७४६ मध्ये पंधराव्या लुईसमोर एकशे ऐंशी शिपायांना हातात हात घालून उभं केलं आणि टोकाच्या दोघांना बरणीशी जोडलं. एकशे ऐंशी शिपाई एकाच क्षणी उडाले. कवायतीत इतकी शिस्त राजानं कधी पाहिली नसेल! मग त्यांनी सुमारे दोनशे कार्थुसियन साधूंना लोखंडी तारा हातात देऊन तसंच जोडलं. तेही सगळे एकदम उडाले. हे साधू मौन पाळणारे. त्या क्षणी त्यांच्या मौनाचं काय झालं हे विचारण्याचा आगाऊपणा मी करीत नाही.

आता थोर माणसांची फजिती. बेंजामिन फ्रँकलिन म्हणजे विजेला 'धन' आणि 'ऋण' हे शब्द देणारा माणूस. त्यानं १७५० च्या नाताळाच्या तोंडावर विजेनं टर्की कोंबडा मारायचं ठरवलं. दोन मोठ्या बरण्या भरल्या. भोवती मंडळी गप्पा मारीत होती, यजमानाचं लक्ष चळलं आणि जो झटका कोंबड्यासाठी होता तो फ्रँकलिननं स्वतः घेतला. शुद्धीवर आल्यावर पत्रात सगळं लिहिलं, आणि फार बोभाटा करू नका, लाज वाटते, असंही लिहिलं. पावणेतीनशे वर्षांनी मीही तो बोभाटा करतोच आहे. पण एवढा मोठा माणूस आपल्यासारखाच कोलमडला हे वाचून जो दिलासा मिळतो, तो दहा डॉक्टर हसून मिळत नाही.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटला तो रॉबर्ट सिमर. लंडनच्या या गृहस्थाला रात्री रेशमी मोजे काढताना तडतड ऐकू यायची. माझ्यासारखा माणूस मोजे फेकून झोपला असता. सिमर एकाच पायात पांढरा आणि काळा असे दोन मोजे एकावर एक घालून हिंडू लागला. ते काढून एकमेकांपासून सोडवले की दोन्ही टम्म फुगायचे, आत पाय असल्यासारखे, आणि जवळ आणले की एकमेकांना घट्ट बिलगायचे. दोन वेगवेगळे मोजे, दोन विरुद्ध जातींची वीज. १७५९ साली त्यानं हे रॉयल सोसायटीपुढं मांडलं. लोकांनी त्याला 'अनवाणी तत्त्वज्ञ' म्हणून हिणवलं. पण आबे नोलेंनी तेच प्रयोग स्वतः करून पाहिले.

सिमरच्या मोज्यांत माझ्या दुखण्याचं मूळ होतं. दोन निरनिराळ्या वस्तू एकमेकींना चिकटून सुटल्या, की एकीकडले काही विद्युत्कण दुसरीकडे जातात. मोजा आणि मोजा. तसाच गालिचा आणि चपलेचा तळ. एक पाऊल, एक हप्ता. हवा दमट असली की ही वीज वस्तूंवरच्या ओलाव्यातून गुपचूप निघून जाते; म्हणून मुंबईकराला हे दुखणं सहसा ठाऊक नसतं. मिनियापोलिसला बाहेरच्या गोठलेल्या हवेत ओलावा मुळात नावापुरता, आणि तीच हवा घरात तापवली की पापडासारखी कोरडी. मग हप्ते साठत जातात. मी दाराच्या मुठीशी पोचेपर्यंत माझ्या अंगी पाच हजार, दहा हजार व्होल्ट जमलेले असतात.

मी हा आकडा जेवणाच्या टेबलावर जाहीर केला आणि सगळ्यांकडे पाहिलं. दहा हजार व्होल्ट! जावईबापू शांतपणे म्हणाले, "तुमचे पाय फार घासतात ना, बाबा."

ही ताडकन म्हणाली, "बेचाळीस वर्षं सांगतेय! पाय घासत चालू नका, पाय घासत चालू नका. ऐकतंय कोण?"

पुण्यात माझ्या या सवयीनं फक्त चपला झिजायच्या. इथं तिनं मला महापौर गेरिकेंचं यंत्र बनवलं होतं.

आता खरा प्रश्न: याचा अपाय होतो का? घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज माणूस मारते आणि दहा हजार व्होल्टचा आबा नुसता दचकवतो, हे कसं? व्होल्ट म्हणजे उंची. पाणी किती आहे ते त्यातून कळत नाही. सिंहगडावरून पडलेला पाण्याचा एक थेंब आणि १९६१ सालचा पानशेतचा पूर, यांत उंची थेंबाची जास्त; पण पूल वाहून गेले ते पुरानं. घरातल्या तारेमागं अख्खं वीजकेंद्र उभं असतं, आणि ती वाहत राहते. माझ्या अंगातली पुंजी एका ठिणगीत, सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात संपते. तिची ताकद किती? शंभर ग्रॅमचं लिंबू टेबलावरून अर्धा सेंटिमीटर उचलायला लागेल एवढी. त्यानं माझ्या हृदयाला काही होत नाही, नातवाच्याही नाही. आणि ते कुठे साठतही नाही. ते कळलं त्या रात्री मी आठ तास झोपलो.

पण म्हणून विजेशी लगट करू नये. गोष्ट सगळी मात्रेची आहे. सेंट पीटर्सबर्गच्या प्राध्यापक रिखमान यांनी ऑगस्ट १७५३ मध्ये वादळात ढगांची वीज मोजण्यासाठी छपरावरचा लोखंडी गज घरात आणला होता. तो जमिनीला जोडलेला नव्हता. वीज पडली आणि ते जागच्या जागी गेले. जात तीच, मात्रा पुराची. आणि थेंबानंही कधी घात होतो तो भलत्या जागी. पेट्रोलची वाफ पेटायला माझ्या ठिणगीच्या विसाव्या हिश्शाएवढी ठिणगी पुरते. अमेरिकेत माणसं पेट्रोल स्वतः भरतात. भरता भरता थंडी वाजते म्हणून गाडीत जाऊन बसायचं, सीटवर घासून पुन्हा उतरायचं आणि थेट नळीला हात लावायचा, यातून खरोखरच आगी लागलेल्या आहेत. म्हणून गाडीतून उतरलं की आधी गाडीच्या पत्र्याला हात लावावा, मग नळीला. शस्त्रक्रियेच्या खोलीत पूर्वी ईथर वापरायचे तेव्हा डॉक्टरही याच भीतीनं खास फरशी आणि सुती कपडे वापरीत. आणि कॉम्प्युटरच्या उघड्या चिपला तर आपल्याला जाणवणारही नाही एवढा झटका पुरतो. तेव्हा जावईबापूंच्या कॉम्प्युटरला मी हात लावत नाही. (त्यांनी तसं सांगितलेलंच होतं, कारण आता कळलं.)

राहता राहिला नातू. उपाय सोपे निघाले. हिनं स्वयंपाकघरात पाण्याचं पातेलं उकळत ठेवायला सुरुवात केली आणि ओले कपडे खोलीत वाळत टाकले. दोन दिवसांत घराला आमच्या पुण्यातल्या घराची पावसाळी कळा आली आणि झटके निम्म्यावर आले. मी चपला सोडून सुती मोज्यांवर आलो. आणि मुख्य म्हणजे खिशात किल्ली ठेवली. किल्ली मुठीत घट्ट धरून तिचं टोक आधी नळाला किंवा दाराच्या मुठीला लावायचं. ठिणगी किल्लीच्या टोकाशी उडते, आपल्या हाताला काही कळत नाही. कारण बोटाच्या एका बिंदूऐवजी ती सगळ्या मुठीत विभागली जाते. मग मोकळ्या हातानं नातवाकडे जायचं.

पण त्याचा विश्वास बसेना. शेवटी एका संध्याकाळी मी दिवे घालवले, पुन्हा चपला घातल्या, गालिच्यावरून पाय घासत दोन फेऱ्या मारल्या (हिनं त्या मोठ्या समाधानानं पाहिल्या) आणि अंधारात किल्ली दाराच्या मुठीजवळ नेली. चट्! निळी ठिणगी. आजीच्या पदरामागून एक डोकं बाहेर आलं. "आबा, परत." मी परत केलं. सात वेळा परत केलं. आठव्या वेळी त्यानं किल्ली आपल्या हातात घेतली, माझ्या मागून पाय घासत चालला आणि स्वतः ठिणगी पाडली. मग दिवे लागायच्या आत तो माझ्या मांडीवर येऊन बसला, आणि आम्ही दोघांनी थेलीझपासूनची कामगिरी साजरी केली.

मार्चमध्ये निघालो तेव्हा विमानतळावर त्यानं बोट पुढं केलं, "आबा, ठिणगी दे." तिथली फरशी गुळगुळीत, खाली गालिचा नाही. मी बोटाला बोट लावलं. काहीच झालं नाही. "संपली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पुढच्या जानेवारीपर्यंत जमवतो."

आता पुण्यात श्रावण चालू आहे. भिंतींना ओल आली आहे, वाळत टाकलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही. मी दाराच्या कडीला हात लावतो, नळाला लावतो, फ्रीजला लावतो. कुठंही काही होत नाही. ती किल्ली मात्र अजून माझ्या खिशात असते, आणि ही कितीही ओरडली तरी मी पाय घासतच चालतो. सवय ठेवायला हवी.